पणजोबांच्या भेटीचं वेळापत्रक

टोपी, पाण्याच्या बाटल्या, गुडघ्याखाली अंथरायला जुनी चटई, मऊ केसांचा ब्रश आणि एक आरसा. प्रवासाची ही यादी भाचीने वाचली आणि विचारलं, "मावशी, आरसा कशाला? तिथे कोण बघणार आहे तुला?" खेड्यापाड्यांतल्या जुन्या दफनभूमींमध्ये जायचं, घराण्यातल्या माणसांच्या कबरी हुडकायच्या आणि वंशावळीतल्या रिकाम्या चौकटी भरायच्या, असला बेत सांगितल्यावर घरातली माणसं तशीही आपल्याकडे जरा काळजीनेच बघायला लागतात. त्यात आरसा!

आरसा लागतो तो अक्षरांसाठी. दगडावरचा लेख झिजत गेला की अक्षराची खोली जाते, नुसता ओरखडा उरतो. समोरून ऊन पडलं तर सगळा दगड सपाट दिसतो. तेच ऊन कडेने, दगडाला घासून गेलं की प्रत्येक ओरखड्याला केसाएवढी सावली पडते आणि ओळी उठून दिसायला लागतात. म्हणून एकाने बाजूला उभं राहून आरशाने उन्हाचा तिरपा झोत सोडायचा आणि दुसऱ्याने उकिडवं बसून वाचायचं. आरसा किंचित इकडेतिकडे केला की इतका वेळ एक वाटणाऱ्या इंग्रजी आकड्याच्या डोक्यावर आडवी रेघ उमटते आणि तो सात निघतो. एवढ्याशा रेघेने १८१२ चं १८७२ होतं, आणि ज्याला पणजोबांचा आजोबा म्हणून कौतुकाने मिरवावं तो पणजोबांचा धाकटा भाऊ ठरतो.

म्हणूनच या प्रवासाचं वेळापत्रक रस्त्यांच्या अंतरावरून नाही, उन्हावरून आखायचं. फोटो काढायला सकाळ चांगली, हा सगळ्यांचा समज इथे अर्धाच खरा. आडव्या शिळांना सकाळ-संध्याकाळचं लोळणारं ऊन लागतं. उभ्या दगडांचं तोंड पूर्वेकडे असेल, तर सकाळी ऊन थेट तोंडावर येतं आणि अक्षरं पुसून टाकतं. दुपार जवळ आली की तेच ऊन कडेने सरकतं आणि तासाभरासाठी दगड बोलका होतो. नंतर सावली. तेव्हा आधी आडव्यांकडे, मग उभ्यांकडे, असा क्रम मी लावला आहे. चुलतभाऊ म्हणतो, हे दवाखान्यातल्या नंबरासारखं वाटतंय. वाटू दे.

खरी तयारी मात्र निघण्याच्या बऱ्याच आधी, घरातच करायची असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे या छंदाइतकं दुसरीकडे कुठे लागू पडत नसेल. प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणाच्या तरी थरथरत्या हाताने लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या तारखा, फोटोच्या पाठीमागची पेन्सिल, बँकेच्या जुन्या पाकिटात जपून ठेवलेली अंत्यविधीची पत्रिका. आणि आत्या. आत्याला कोण कुठे पुरलं आहे असं सरळ विचारलं, तर तिला काही आठवत नाही. कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, हे विचारलं की मग बांध फुटतो. थोरले काका बाकीच्यांपासून दूर, पलीकडच्या गावात का आहेत, याचं उत्तर कुठल्याही दफ्तरात मिळालं नसतं. ते एका विहिरीच्या वाटणीत होतं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणणाऱ्यालाही बहुधा अशी एखादी आत्या असावी.

दुसरं काम, आपण शोधतो तो दगड मुळात उरला असेल का, ते पाहायचं. सगळ्या कबरी कायमच्या असतात असं आपण गृहीत धरतो. जर्मनीत कबरीची जागा साधारण वीस-तीस वर्षांच्या मुदतीने मिळते. पुढे मुदत वाढवली नाही तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. ग्रीसमध्ये तर बऱ्याच ठिकाणी तीनेक वर्षांतच अस्थी काढून वेगळ्या ठेवतात. तिथे खेड्यात जाऊन गवत तुडवण्यात अर्थ नाही, नोंदवह्याच धुंडाळाव्या लागतात. आयर्लंडमध्ये नेमकं उलट. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये सरकारी दफ्तरखाना जळाला आणि त्यात जुन्या जनगणना, चर्चच्या कितीतरी नोंदवह्या गेल्या. अमेरिकेची १८९० ची जनगणनाही १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ नाहीशीच झाली. कागद असा गेला की दगडाची किंमत एकदम वाढते.

दगडांतही जात असते. पाटीच्या दगडावरची अक्षरं दोनशे वर्षांनंतरही काल कोरल्यासारखी धारदार असतात. संगमरवर श्रीमंतांचा, पण आम्लधर्मी पावसात विरघळतो. वाळूच्या दगडाचे पापुद्रे सुटतात आणि आख्खा लेख एका हिवाळ्यात गळून पडू शकतो. अमेरिकेत १८७० च्या दशकापासून १९१४ पर्यंत जस्ताच्या ओतीव कबरशिळा बनत. निळसर-करड्या, बोटाने टकटक केलं तर पोकळ वाजणाऱ्या. तेव्हा त्यांना स्वस्तातला माल म्हणून नाकं मुरडली गेली. आज सगळ्यांत स्वच्छ वाचता येतात त्या त्याच!

आता संकेतस्थळंही आहेत. जिम टिप्टन नावाच्या गृहस्थाने प्रसिद्ध माणसांच्या कबरी शोधण्याच्या हौसेतून १९९५ मध्ये फाइंड अ ग्रेव्ह सुरू केलं. २०११ मध्ये आलेल्या बिलियनग्रेव्ह्जवर तर फोटोबरोबर नेमकं ठिकाणही मिळतं. मग जायचंच कशाला, असं भाचीचं म्हणणं. फोटोत एक दगड येतो, त्याचे शेजारी येत नाहीत, म्हणून. खेड्यातल्या दफनभूमीत माणसं सहसा आपल्या गोतावळ्यात असतात. डावीकडे सासरे, उजवीकडे मेव्हणा, पायाशी आडनाव वेगळं असलेली लग्न झालेली लेक. 'अमक्याची पत्नी' एवढंच ज्या बाईच्या वाट्याला आलं, तिचं माहेर अनेकदा दोन दगड सोडून सापडतं. म्हणून मी ठरवलं आहे की आपला दगड मिळाला की त्याच्याभोवतीच्या सगळ्यांचे फोटो काढायचे, ओळख असो वा नसो. आणि वीतभर उंचीचे दगड चुकवायचे नाहीत. एकच नाव दोन लहान मुलांच्या दगडांवर दिसलं, तर कोरणाऱ्याची चूक समजू नये. गेलेल्याचं नाव पुढच्या बाळाला ठेवत.

तरीही दगडावर फार विसंबू नये, असं माझं मत होत चाललं आहे. तो कधी कधी माणूस गेल्यानंतर वीस वर्षांनी, हातात पैसे आल्यावर बसवलेला असतो. वय मुलांनी अंदाजाने सांगितलेलं असतं. काही दगडांखाली तर कुणीच नसतं. समुद्रात किंवा लढाईत गेलेल्याचं नुसतं नाव. जुन्या इंग्रजी दगडावर १७३१/३२ असं जोडवर्ष दिसलं तर मात्र तो गोंधळ नव्हे, चोखपणा आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारीत गेलेला माणूस दोन वर्षांत मोजला जाई.

ब्रशबद्दल एवढंच, की तो मऊच हवा आणि सोबत साधं पाणी. अक्षरं दिसावीत म्हणून दाढीचा साबण, खडू, ब्लीच, तारेचा ब्रश वापरणारे महाभाग मी पाहिले आहेत. दोन मिनिटांचा फोटो आणि दगडाला जन्माची इजा. दगडफूल चढलेलं असेल तर नखाने खरवडायचा मोह होतो, पण ते निघताना अक्षराची कडही घेऊन निघतं. भुसभुशीत दगडाला तर हातच लावू नये. तिथे आरसा पुरे.

राहिली परवानगी. दोन दफनभूमींकडे जाणारी वाट आता कुणाच्या तरी शेतातून आहे आणि एकीच्या फाटकाची किल्ली देखरेख करणाऱ्या काकांकडे असते. ते फोन उचलतात, मोठ्याने 'कोण?' विचारतात आणि आडनाव सांगितलं की आपल्यालाच आपल्या घराण्याची माहिती द्यायला लागतात. गवत किती वाढलंय आणि साप निघतात का, हे दोन प्रश्न अजून विचारायचे राहिले आहेत. चुलतभावाला एका दिवसात चार गावं उरकायची आहेत. मी दोनांवर काट मारली. त्यावर तो चिडला, म्हणाला, "ताई, तिथले लोक कुठे पळून जाणार आहेत?" म्हटलं, म्हणूनच तर. दोन गावं पुढच्या वर्षी. तू फक्त आरसा धरायला ये, आणि दुपारच्या त्या तासाभरात जेवायचं नाव काढू नकोस.