आमची वाटचाल : बर्डीची गल्ली आणि होस्टेलच्या खोल्या

नागपुरात स्पीकर दुरुस्त करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण हातात जेमतेम दोन हजार रुपये, सोबत घरून आणलेला जुना डेक आणि गाणं नीट ऐकायची इच्छा, एवढ्यावर आलेल्या पोराला खुर्ची देऊन बसवणारं दुकान बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, आमचंच होतं. आता 'स्टुडंट पॅकेज'चे बोर्ड जागोजागी दिसतात आणि ती कल्पना भलत्याच्याच नावावर खपते. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी नागपूरच्या महाल भागातला. बारावीनंतर एका मंडपवाल्याकडे लाउडस्पीकरवर लागलो. गणपती, लग्नं, प्रचारसभा. भोंग्याचं युनिट उडालं की रात्रीतून डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, बदलायचा, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये 2एन3055 ट्रान्झिस्टरची जोडी टाकायची आणि सकाळी माल पुन्हा गाडीवर. हात तिथं बसला. पण ते काम आवाज लांब पोचवण्याचं, तो कानाला चांगला लागावा ही कोणाची मागणीच नव्हती. बर्डीवर अर्ध्या शटरची जागा मिळाली तेव्हा व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजला सगळे अजून व्हीआरसीईच म्हणत. आजूबाजूला क्लासेस, भाड्याच्या खोल्या; गिऱ्हाईक म्हणजे पोरंच येणार हे उघड होतं.

भागीदार मिळाला लकडगंजातून. टिंबर मार्टातला सुतार, वयानं माझ्याहून मोठा. मी त्यांना मिस्त्री म्हणायचो, ते मला भाऊ. स्पीकरचा डब्बा कसा असावा हे मी त्यांना शिकवलं नाही, त्यांनीच मला शिकवलं. 18 मिलिमीटरचा प्लाय, सांध्यांना फेविकॉल, आतून एक आडवी पट्टी आणि रात्रभर शिकंज्यात. खिळा मारायचाच नाही. डब्बा तयार झाला की बोटाच्या पेरानं ठोकून ऐकायचे. एखादी बाजू वाजली की आत आणखी एक पट्टी. बंद डब्बा असेल तर वूफरचा, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, कोन (पुढचा कागदी शंकू) चारी बोटांनी हळूच दाबायचा आणि सोडायचा. सावकाश वर आला तर डब्बा पक्का, चटकन आला तर कुठंतरी फट आहे. एमडीएफला त्यांचा कायम विरोध, आणि नागपुरात तो बरोबरच आहे. एप्रिल लागला की प्रत्येक खोलीत डेझर्ट कूलर सुरू होतो. त्या ओलाव्यानं एमडीएफच्या कडा फुगतात आणि कागदी कोन नरम पडतो. कंपनीचे सुंदर दिसणारे डब्बे दोन उन्हाळ्यांत खालून पावासारखे फुगलेले आम्ही पाहिले आहेत.

आमची पद्धत कशी होती ते पुसदच्या एका पोरावरून सांगतो. इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला होता. कॉम्प्युटरचे स्पीकर घेऊन आला.

"काका, आवाज लय घुमून राहिला. कोणता अ‍ॅम्प घेऊ?"

"सध्या काहीच घेऊ नको. खोलीत कुठं ठेवतो तू हे?"

दोन्ही स्पीकर कोपऱ्यात, जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवले होते. त्याला सांगितलं, कोपऱ्यातून बाहेर काढ, टेबलावर कानाच्या उंचीला आण, दोघांमध्ये जेवढं अंतर तेवढंच अंतर प्रत्येकापासून तुझ्या डोक्यापर्यंत ठेव, आणि बाजूच्या उघड्या भिंतीवर गादी नाहीतर गोधडी लाव. त्या दिवशी आम्ही त्याच्याकडून एक रुपया घेतला नाही. पुढच्या आठवड्यात आला तो सांगत, "काका, गाणारी आता बरोबर मधात उभी राहते."

तेव्हापासून तो आमचा. पैसे साठले की यायचा, आणि आम्ही ठरवून दिलेल्या क्रमानं जायचा: आधी स्पीकर आणि डब्बा, मग अ‍ॅम्प, बाकी सगळं नंतर. शनिवारीत, म्हणजे जुन्या मालाच्या बाजारात, त्याला सहा इंची वूफरची जोडी मिळाली. कोनाच्या कडेचा फोम पार गळालेला, म्हणून कोणी हात लावत नव्हतं. मॅग्नेट आणि फ्रेम एकदम चांगली. असा माल सोडायचा नसतो, कारण फोम कुजतो, मॅग्नेट कुजत नाही.

ते काम मी त्याच्यासमोरच केलं. जुना फोम स्पिरिटच्या बोळ्यानं कडेकडेनं पुसून काढला. मधली डस्ट कॅप, म्हणजे धूळ अडवणारी टोपी, ब्लेडनं उचलली. खाली व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, दिसते. ती आणि मधला खांब यांच्यातली फट कागदाच्या जाडीची असते आणि कॉइल जराही तिरकी बसली तर घासून खरखरते. म्हणून त्या फटीत चारी बाजूंनी जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सरकवायच्या. मेडिकल चौकातल्या ओळखीच्या माणसाकडून त्या फिल्म मी आजही आणतो, दुसरं काही इतकं सारखं आणि गुळगुळीत मिळत नाही. मग फोमच्या जागी रबरी सराउंड (कडेची गोल पट्टी) चिकटवायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पट्ट्या काढल्या आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टेकवला. प्लसला प्लस लावलं की कोन बाहेर आला पाहिजे, आणि दोन्ही स्पीकरचा आला पाहिजे. एकाचा आत गेला तर तारा उलट्या जोडल्यात असं समजायचं. तसंच वाजवलं तर दोन्हींचा बास एकमेकांना खातो. बारीक आवाज काढणाऱ्या ट्विटरला 4.7 मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कंडेन्सर. आठ ओहमच्या ट्विटरला तो साधारण 4200 हर्ट्झच्या खालचा भार उतरवत नेतो.

अ‍ॅम्प म्हणून तेव्हा 4440 आयसीचा बोर्ड द्यायचो. एका बाजूला सहा वॅट. पोरं नाक मुरडायची, पण होस्टेलच्या खोलीला तेवढे पुरतात. शिवाय तो बारा व्होल्टवर चालतो, त्यामुळे लोडशेडिंगच्या दिवसांत बॅटरीवरही वाजायचा. आयसीची उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंक मात्र आम्ही दुप्पट मोठा लावायचो. पुस्तकातला हिशेब 25 अंशांचा असतो आणि नागपूरचा मे महिना 45 चा.

आता समोरच्या शोरूमचं. नाव घेत नाही, बर्डीवरच्या जुन्या लोकांना ठाऊक आहे.

काचेचं दार, एसी, रांगेनं मांडलेले होम थिएटर आणि खोक्यांवर हजारोंच्या आकड्यात पीएमपीओ वॅट, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा. मी पोरांना सांगायचो, खोक्याचं तोंड बघू नका, मागची पट्टी वाचा. मागे लिहिलेलं असतं की हा सेट भिंतीतून 60 वॅट घेतो. जो 60 घेतो तो 60 पेक्षा जास्त कुठून देणार? ही गोष्ट पोरांनी त्यांच्या काउंटरवर जाऊन विचारायला सुरुवात केली आणि तिथून त्यांचा राग सुरू झाला.

पहिल्यांदा त्यांनी एका पोराला पाठवून आमचा डब्बा विकत घेतला. महिन्याभरात तोच आकार, तीच जाळी, पार्टिकल बोर्डात करून 'स्टुडंट पॅकेज' म्हणून काचेत लागला. आत ट्रान्सफॉर्मर अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा, आयसी नकली. थिनरचा बोळा फिरवला की आयसीवरचे आकडे पुसून जायचे. किंमत आमच्याहून कमी. मिस्त्रींनी तो डब्बा एकदा ठोकून पाहिला आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

तेही आम्ही सोसलं असतं. मग एका होस्टेलात खोलीतला प्लग जळाला, आणि तिथं आमचा सेट होता. दुसऱ्या दिवसापासून शोरूमवाले येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, त्या गल्लीतला माल पेट घेते. होस्टेलच्या फळ्यावर सूचना लागली: बाहेरून बनवलेले अ‍ॅम्प्लिफायर ठेवण्यास मनाई. त्या एका कागदानं आमचं दुकान बसलं. दिलेल्या ऑर्डर पोरं रद्द करून गेली. जागेचं भाडं थकलं. मिस्त्री दिवसा परत लकडगंजात जायला लागले आणि रात्री येऊन डब्बे करायचे, मजुरी न घेता. मी ड्रिल मशीन आणि ऑसिलोस्कोप विकला. तो ऑसिलोस्कोप मी मंडपवाल्याकडच्या पगारातून साठवून घेतला होता, त्याचं आजही वाटतं.

पुसदचा पोरगा तेव्हा शेवटच्या वर्षाला. त्यानं त्या खोलीतून जळालेला मल्टिप्लग आणि आमचा सेट, दोन्ही उचलून आणलं. सेटचा फ्यूज शाबूत होता, ट्रान्सफॉर्मरला वास नव्हता. मल्टिप्लगची मात्र एकच बाजू वितळली होती, आणि त्या बाजूला पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड लागायचा. 230 व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर ओढतो आणि मल्टिप्लगवर सहाच लिहिलेलं. आमचा सेट अर्धा अँपिअरही घेत नाही. हा हिशेब त्यानं कागदावर मांडला, वॉर्डनसमोर सेट उघडून ठेवला, आणि त्याच प्लगपाशी संध्याकाळपर्यंत वाजवत बसला. फळ्यावरची सूचना काढून टाकली गेली. शोरूमकडून आजतागायत कोणी येऊन एक शब्द बोललेलं नाही. आणि त्यांचे बिघडलेले सेट दुरुस्तीला येतात ते आमच्याकडेच, मधल्या माणसाच्या हातून. मी ते करून देतो, पण बिलावर शोरूमचं नाव लिहिल्याशिवाय देत नाही.

पुढची वर्षं चांगली गेली. त्याच जागेत आहोत, शटर आता पूर्ण आमचं. 2020 च्या मार्चमध्ये होस्टेलं रिकामी झाली तेव्हा पोरांचे सेट इथंच राहिले. चिठ्ठ्या लावून, फळीवर चादर घालून ठेवले आणि एकूण एक परत दिले. मिस्त्रींच्या डोळ्यांना आता त्रास आहे, डब्बे त्यांचा पुतण्या करतो. ठोकून पास करतात तेच. पुसदचा पोरगा पुण्याला नोकरीत आहे आणि दर जूनमध्ये त्याच्या ओळखीनं कोणीतरी नवं पोरगं दारात येतं.

त्यांना जे सांगतो ते इथंही सांगतो. आता 4440 ची गरज नाही; टीपीए 3116 चा छोटा क्लास-डी (कमी तापणारा) बोर्ड घ्या, तो जुन्या लॅपटॉपच्या 19 व्होल्टच्या अडॅप्टरवर मस्त चालतो, ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचतो. स्पीकरला महागडी वायर विकत असतील तर उठून या. घरात वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर खोलीपुरती भरपूर झाली. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, तेवढाच फरक 87 ऐवजी 90 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारा) स्पीकर घेऊन मिळतो. म्हणून वॅटवर पैसे घालू नका. लॅपटॉपच्या जॅकमधून किरकिर येत असेल तर यूएसबीचा साधा डॅक (लॅपटॉपबाहेर आवाज तयार करणारी छोटी डबी) लावा, पण तो शेवटी. कूलर सुरू-बंद होताना स्पीकरात टक् वाजत असेल तर कूलरच्या स्विचवर स्नबर (ठिणगी दाबणारा छोटा भाग) बसवावा लागतो. अ‍ॅम्प बदलून ते जात नाही.

आणि स्पीकर आणाल तेव्हा दोन्ही आणा, एकच खराब असला तरी. एकाला रबर आणि दुसऱ्याला जुना फोम राहिला तर जोडी जुळत नाही. डस्ट कॅप घरी ब्लेडनं उचलून बघू नका, ते आमच्यावर सोडा. जुना अडॅप्टर असेल तर तोही पिशवीत टाका, चालतो की नाही ते मीटर लावून लगेच सांगतो.