मधातले परागकण मोजताना: माझा अनुभव

मध नेमका कोणत्या फुलांचा, हे मी चवीवरून ठरवत नाही, परागकण मोजतो. सातपुड्यातला मध आला की आधी विचारतो, पोळं पिळलं की मध यंत्रानं काढला? आग्या मोहोळ हातानं पिळलं, तर पोळ्याच्या घरांत साठवलेला परागही मधात उतरतो आणि मोजणी फसते.

10 ग्रॅम मध 20 मिलि कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचा, पाणी 40 अंशांच्या वर नको. सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे वेगानं फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रावर, 10 मिनिटं फिरवून वरचं पाणी ओतायचं, पुन्हा पाणी घालून फिरवायचं. हे दुसरं धुणं टाळलं, तर उरलेल्या साखरेनं काचपट्टी चिकट राहते आणि कणांवरची नक्षी दिसत नाही. गाळ पसरून सुकवला की ग्लिसरीन जेलीचा थेंब, वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकणाची पातळ काच. जेलीला 10 ग्रॅम जिलेटिन, 35 मिलि पाणी, 30 मिलि ग्लिसरीन, रंगाला थोडं सॅफ्रनिन. जेली उकळू द्यायची नाही, बुडबुडे येतात. आपल्या खानदेशात मे महिन्यात ती खोलीतच पातळ होते, कव्हरस्लिप सरकते. म्हणून कडा नेलपॉलिशनं बंद करून काचपट्ट्या आडव्या ठेवतो.

सूक्ष्मदर्शकात 400 पट मोठं करून किमान 300 कण मोजतो, तेही या कडेपासून त्या कडेपर्यंत, कारण बारीक कण जेलीबरोबर कडेला वाहून जातात. बाभूळ चटकन ओळखू येते: 16 कणांचा एकच गोल गठ्ठा. सूर्यफूल काटेरी, निलगिरी त्रिकोणी. एकाच फुलाचे कण 45 टक्क्यांच्या वर गेले, तर त्याला प्रमुख स्रोत मानतात.

पण खानदेशात हा नियम डोळे झाकून लावू नये. रावेर-यावलकडे मधमाश्या केळफुलावर भरपूर असतात, तरी ग्रँड नैन केळीत परागकण जवळजवळ नसतातच. कपाशीचा कण चांगला मोठा, काटेरी, नजरेतून सुटणं अवघड; तरी मधात तो क्वचितच सापडतो. कपाशीच्या पानामागच्या शिरेवरही मधुरसाच्या ग्रंथी असतात, तिथला रस नेणाऱ्या माशीला पराग लागतच नाही. त्यामुळे कण सापडले नाहीत, तरी ‘केळीचा नाही’, ‘कपाशीचा नाही’ असं मी अहवालात लिहीत नाही. मधमाश्यांच्या पेट्या कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात होत्या, ते विचारून शेजारी नोंदवतो.