कललेलं जहाज

पाहुणे आले की नासाचं स्पेस सेंटर, पेअरलँडचं मीनाक्षी मंदिर आणि वेळ उरलाच तर गॅल्व्हेस्टनचा समुद्र, हा ह्युस्टनमधल्या आमच्यासारख्यांचा ठरलेला फेरा. २०१८ च्या मार्चमध्ये आई-बाबा आले तेव्हा मीही तोच मारला. बाबांनी सॅटर्न रॉकेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिलं, "मोठं आहे" म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, "इथे गोदी कुठे आहे?"

बाबांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात प्लेटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारे कारागीर, म्हणून लागले, फोरमन होऊन निवृत्त झाले. त्यांना नुसता समुद्र दाखवून उपयोग नसतो. नवऱ्यानं फोनवर शोधलं आणि म्हणाला, "इथे एक युद्धनौका आहे, दोन्ही महायुद्धांतली." बाबांनी कप खाली ठेवला.

ती उभी होती त्या सॅन जसिंटोला जायला आम्ही मुद्दाम लिंचबर्गच्या फेरीबोटीनं गेलो. गाडीसकट पलीकडे नेतात, पैसे घेत नाहीत. पाच-दहा मिनिटांचं पाणी, दोन्ही काठांवर तेलाच्या टाक्या आणि शुद्धीकरणाचे कारखाने, हवेला तोच ओळखीचा वास. आईनं नाकाला पदर लावला. "माहुलला आल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. बाबा मात्र कठड्याला टेकून उभे होते, आणि लांबूनच त्यांनी ती पाहिली.

यूएसएस टेक्सास. लांबी पावणेदोनशे मीटर. १९११ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या कारखान्यात बांधायला घेतली, १२ मार्च १९१४ ला नौदलात दाखल झाली. १४ इंची दहा तोफा, दोन-दोन करून पाच बुरुजांत. बांधली तेव्हा तिच्यासारख्या जहाजांवर देश आपली प्रतिष्ठा मोजत. त्या काळातल्या ड्रेडनॉट जातीच्या, म्हणजे एकसारख्या मोठ्या तोफांच्या, युद्धनौकांपैकी आज जगात ही एकच उरली आहे. बाकीच्या बुडाल्या, नाहीतर भंगारात गेल्या.

आत शिरल्या शिरल्या आमच्या चिरंजीवांना विमानवेधी तोफ सापडली. खुर्चीत बसायचं, चाक फिरवायचं, की नळ्या खरंच वर-खाली होतात. तिथून तो हलेना, आणि त्याचा हात कशात तरी अडकेल म्हणून आई हलेना. मग मी आणि बाबा दोघंच पुढे गेलो.

बाबा डेकवर दहा पावलं चालले आणि थांबले.

"पंप चालू आहे."

मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी मला कठड्याशी नेलं. खाली जहाजाच्या कुशीतून पाण्याची जाड धार बाहेर पडत होती. आदल्याच वर्षी, २०१७ च्या जूनमध्ये, पाण्याखालच्या पत्र्याला भोक पडून जहाज एका बाजूला कललं होतं. आम्ही गेलो तेव्हा ते सरळ उभं होतं, पण पाणी आत येतच होतं आणि पंप ते बाहेर टाकतच होते.

"शेवटचं गोदीत कधी घेतलं हिला?" बाबांनी तिथल्या स्वयंसेवकाला विचारलं. इंग्रजी तोडकंमोडकं, पण "ड्राय डॉक", म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करायची सुकी गोदी, हा शब्द जगभर एकच. १९८८ ते ९०, तो म्हणाला. बाबांनी कपाळाला हात लावला. मालवाहू जहाज पाच वर्षांत दोनदा सुक्या गोदीत घ्यावं लागतं, नाहीतर प्रमाणपत्र मिळत नाही. इथे अठ्ठावीस वर्षं झाली होती, तीही खाऱ्या-मचूळ पाण्यात.

आम्ही खाली इंजिनाच्या खोलीत गेलो. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर नव्या युद्धनौकांत टर्बाइन बसू लागलं होतं, पण टेक्सासला जुन्या पद्धतीचं, दट्ट्यावर चालणारं वाफेचं इंजिन दिलं. कारण साधं होतं. तेव्हाची टर्बाइन संथ चालीत कोळसा फार खात, आणि अमेरिकन नौदलाला लांबचे पल्ले मारायचे होते. अशी दोन इंजिनं, प्रत्येक दोन मजली घराएवढं. बाबांनी एका दांड्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी फोटो काढायला गेले तर म्हणाले, "माझा नको, याचा काढ."

पहिल्या महायुद्धातली टेक्सासची कहाणी मला तरी थोडी विनोदीच वाटते. अमेरिका युद्धात उतरली १९१७ च्या एप्रिलमध्ये. तिच्या काही युद्धनौका इंग्रजांच्या मदतीला निघणार, त्यांत हीही होती. सप्टेंबरच्या अखेरीस, घरच्याच किनाऱ्यावर, ब्लॉक आयलंड नावाच्या बेटाजवळ रात्री वळण चुकलं आणि जहाज उथळात जाऊन रुतलं, ते तीन दिवस निघेना. वजन हलकं केलं, मग ओढबोटींनी खेचून काढलं आणि दुरुस्तीला नेलं. बाकीच्या गेल्या, ही मागे राहिली. १९१८ च्या फेब्रुवारीत ती स्कॉटलंडच्या वरच्या स्कापा फ्लो बंदरात पोचली, पण तोवर मोठी आरमारी लढाई व्हायची ती होऊन गेली होती. उत्तर समुद्राच्या थंडीत काफिल्यांवर राखण करण्यात वर्ष गेलं. २१ नोव्हेंबर १९१८ ला जर्मन आरमार शरण यायला निघालं तेव्हा दुतर्फा उभ्या असलेल्या जहाजांत टेक्सास होती.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये हिच्या बुरुजावर फळ्यांची छोटी धावपट्टी टाकून विमान उडवलं गेलं. अमेरिकन युद्धनौकेवरून असं पहिल्यांदाच झालं. मला गंमत याची वाटली की पुढे विमानांनीच युद्धनौकांचा जमाना संपवला, आणि त्याची तालीम एका युद्धनौकेच्याच अंगाखांद्यावर झाली.

१९२५ ते २७ मध्ये तिचं रूप पालटलं. कोळशाचे बॉयलर काढून तेलाचे बसवले. दोन्ही कुशींना बाहेरून पोकळ फुगवटे जोडले. टॉर्पेडो येऊन आदळला तर तो फुगवट्यावर फुटावा, मूळ पत्र्याला धक्का लागू नये, ही कल्पना. हे फुगवटे लक्षात ठेवा. पुढची गोष्ट त्यांचीच आहे.

खरं तर १९४१ पर्यंत ही म्हातारी झाली होती. नव्या जहाजांपुढे तिचा वेग कमी, तोफा फक्त १५ अंशांपर्यंत वर होणाऱ्या. तरी दुसऱ्या महायुद्धात तिनं पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त काम केलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये मोरोक्कोचा किनारा. मग ६ जून १९४४, फ्रान्समधलं नॉर्मंडी, जिथे दोस्तांचं सैन्य किनाऱ्यावर उतरलं. ओमाहा किनाऱ्याच्या पश्चिमेला पॉइंट द्यु हॉक नावाचा उभा कडा आहे. त्याच्या माथ्यावर जर्मनांच्या मोठ्या तोफा आहेत म्हणून टेक्सासनं ३४ मिनिटांत १४ इंची २५५ गोळे तिथे टाकले. एकेका गोळ्याचं वजन सहाशे किलोच्या आसपास. मग रेंजर्स हे अमेरिकन कमांडो दोर आणि शिड्या लावून कडा चढले, माणसं गमावत वर पोचले, तर तोफांच्या जागी लाकडी वासे! खऱ्या तोफा जर्मनांनी आधीच आतल्या बाजूला हलवल्या होत्या. रेंजर्सनी त्या नंतर शोधून निकामी केल्या.

पण बाबांना खिळवून ठेवलं ते १५ जूननं. सैन्य किनाऱ्यापासून आत सरकलं होतं आणि मारा करायची ठिकाणं तोफांच्या पल्ल्याबाहेर गेली होती. जहाज आणखी जवळ नेणं शक्य नव्हतं आणि तोफा आणखी वर होत नव्हत्या. तेव्हा उजव्या कुशीच्या फुगवट्यात मुद्दाम पाणी भरलं. उजवी बाजू बसली, डावी उचलली गेली. जहाजच दोन अंश कललं आणि तोफांना हवी होती तेवढी उंची मिळाली.

स्वयंसेवकाच्या तोंडून हे ऐकताना मी मराठीत सांगत होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा हसायला लागले.

"अगं, हे आम्ही दर महिन्याला करायचो!"

पत्रा पाण्याच्या रेषेखाली फाटला आणि गोदी रिकामी नसली की वाट बघत कोण बसतो? पलीकडच्या टाक्या भरायच्या, जहाज कलवायचं, भोक पाण्यावर काढायचं, वरून डबलर, म्हणजे पत्र्याचं ठिगळ, मारायचं, परत सरळ करायचं. "त्यांनी तोफेसाठी केलं, आम्ही पगारासाठी," ते म्हणाले. हे मी त्या स्वयंसेवकाला सांगितलं. तो सत्तरीचा गृहस्थ, त्यानं बाबांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. मग दोघं मला विसरले. एक इंग्रजीत, एक मराठी-हिंदीत, आणि मध्ये हातवारे.

त्यानंच आम्हाला तो न फुटलेला जर्मन गोळा दाखवला. २५ जून १९४४ ला फ्रान्समधल्या शेरबूरच्या जर्मन किनारी तोफखान्याशी टेक्सासची समोरासमोर जुंपली. एक गोळा सुकाणूघराच्या खाली फुटला. सुकाणू धरलेला खलाशी त्यात गेला. दोन महायुद्धांच्या लढायांत या जहाजावर शत्रूच्या माऱ्यानं मेलेला तो एकमेव माणूस. दुसरा गोळा पत्रा फोडून एका अधिकाऱ्याच्या खोलीत घुसला आणि तसाच पडून राहिला. नंतर निकामी करून जहाजाला परत दिला. गोळा तसा बुटका, जाडजूड, आपल्या उभ्या ठेवलेल्या वरवंट्यासारखा. आई तोवर नातवाला ओढत आली होती. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "आणि हे जपून ठेवलंय होय?"

पुढचं भराभर सांगते, कारण आम्हीही भराभरच पाहिलं, मुलाला भूक लागली होती. ऑगस्ट १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्स, मग पनामा कालव्यातून प्रशांत महासागरात, फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमा, मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत ओकिनावा. तिथे आत्मघातकी विमानांच्या धास्तीनं खलाशी सलग सात आठवडे आपापल्या ठाण्यांवरच जेवले आणि झोपले. एकावर एक टांगलेल्या त्यांच्या झोळ्या पाहिल्या की गिरणगावातले पाळीपाळीनं झोपणारे गाळे आठवतात. युद्ध संपल्यावर सैनिकांना घरी पोचवायच्या फेऱ्या मारल्या, आणि २१ एप्रिल १९४८ ला, टेक्सासला मेक्सिकोपासून स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या सॅन जसिंटोच्या लढाईच्या स्मृतिदिनी, नौदलानं ती टेक्सास राज्याला देऊन टाकली.

परतताना फेरीबोटीवर बाबा गप्प होते. मग म्हणाले, "विक्रांतपेक्षा नशीबवान." २०१४ मध्ये जुनी विमानवाहू आयएनएस विक्रांत मुंबईतल्या दारूखाना भागातल्या जहाजतोडणीच्या आवारात तोडायला घेतली तेव्हा ते रोज त्या बाजूनं जात होते. मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, मग लिलावात साठ कोटींना गेली. त्यावर ते कधी काही बोलले नव्हते, त्या दिवशीही एवढंच बोलले.

२०१९ मध्ये टेक्सास लोकांसाठी बंद झाली. राज्यानं दुरुस्तीला साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले. ओढून न्यायचं तर वाटेत बुडू नये म्हणून फुगवट्यांत फुगणारा फेस भरला. हे बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना खोटं वाटलं. "गादीत घालतात तो?" जवळजवळ तोच. ३१ ऑगस्ट २०२२ ला ओढबोटींनी तिला गॅल्व्हेस्टनला नेलं आणि खास बहामाजहून आणलेल्या तरत्या गोदीत चढवलं.

बाबा २०२३ च्या उन्हाळ्यात परत आले. या वेळी एकटे. आई आदल्या वर्षी गेली.

गोदीत मार्गदर्शकासोबत फिरता येतं हे कळल्यावर मी लगेच तिकिटं काढली. शिरस्त्राण चढवलं, बंद बूट घातले आणि लोखंडी जिन्यानं खाली उतरलो. डोक्यावर सगळं जहाज. ठोकळ्यांवर टेकलेलं, ओलसर, गंजाचा आणि नव्या रंगाचा वास मिसळलेला. मी आतापर्यंत जहाजं फक्त पाण्यावर पाहिली होती. खालून पाहताना ते जहाज वाटतच नाही, एखाद्या टेकडीखाली उभं असल्यासारखं वाटतं.

बाबा सरळ पत्र्यापाशी गेले. रिव्हेटांच्या रांगा शंभर वर्षांपूर्वीच्या. त्यांना ते अजूनही "रिबिट" म्हणतात. त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं, दोन हात सरकून पुन्हा केलं.

"हा जुना, पण चांगला आहे. हा नवा." मग थोडं पुढे. "हा बदलायला पाहिजे."

मार्गदर्शक बाई बघत होत्या. त्यांनी हातातला कागद पाहिला आणि म्हणाल्या, तो पुढच्या खेपेला कापणारच आहेत.

सगळ्यात जास्त सडले होते ते फुगवटे. त्यांचा पत्रा मोठमोठ्या तुकड्यांत कापून काढत होते आणि नवा बसवत होते. आतला तो फेस आता पुन्हा खरवडून काढायचं काम लागलं होतं. एका कडेला कापलेल्या पत्र्याचे तुकडे पडले होते, काही ठिकाणी हातानं मोडतील इतके पातळ. बाबा उजव्या कुशीखाली जाऊन उभे राहिले.

"इथेच भरलं असेल ना ते पाणी?"

"इथेच."

एका वेल्डरनं काच वर करून आमच्याकडे पाहिलं. बाबांनी त्याला हातानं खूण केली, ठीक चाललंय अशी. त्यानंही मान हलवली आणि काच खाली ओढली.

५ मार्च २०२४ ला गोदीत पाणी सोडून जहाज तरंगवलं. मी ऑफिसात कामाच्या नावाखाली ते लाइव्ह पाहत होते. इथे सकाळ, मुंबईत रात्रीचे साडेनऊ. बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोनचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरला. गडद निळ्या रंगातलं जहाज ओढबोटींमागून हळूहळू बाहेर पडत होतं. गर्दी टाळ्या वाजवत होती, कोणी भोंगा वाजवत होतं.

"बघा बाबा, निघालं!"

"ते दिसतंय गं. जरा मागून दाखव."

कॅमेरा मागे जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग जहाजाचा मागचा भाग आला, दोन्ही बाजू एकदम दिसल्या.

"सरळ आहे का?"

मी स्क्रीनला नाक लावून पाहिलं. पाण्याची रेषा, रंगाची रेषा.

"सरळ आहे."

"मग जेवायला बसतो," बाबा म्हणाले.