कोंबड्या झाकायची वेळ

गावात लग्नाच्या मांडवातून, बचत गटाच्या बैठकीतून किंवा नुसत्या गप्पांतून मध्येच उठायचं तर कारण द्यावं लागतं, आणि ते समोरच्याला पटावंही लागतं. पाहुणे यायचेत म्हटलं तर कोण, कुठले, कशासाठी अशी उलटतपासणी सुरू होते. डोकं दुखतंय म्हटलं तर आल्याचा कोरा चहा पुढे येतो. पण 'कोंबड्या झाकायच्यात' म्हटलं की कोणी अवाक्षर काढत नाही. उलट चारजणी आभाळाकडे बघतात आणि त्याही पदर खोचून उठतात. आमच्या सिंधुदुर्गात या कारणापुढे अध्यक्षांचं आभारप्रदर्शनसुद्धा टिकत नाही.

कोंबड्या असलेल्या घरात तिन्हीसांजेला कोणीतरी घरी असावंच लागतं. कणकवलीच्या बाजाराला गेलं तरी परतीची एसटी कोंबड्यांच्या वेळेने ठरते. सासूबाई आता अंथरुणाशी असतात, पण दिवेलागण झाली की आतून आवाज येणारच, "कोंबे झाकलंस मां गो?" आपण कोंबड्यांना कोंडतो, असा आपला समज. खरं तर त्या आपणहून आत जातात. अंगणाशी बांधलेले राहतो ते आपण.

त्यांचं आत जाणं बघण्यासारखं असतं. घड्याळ त्यांना नको, उजेड पुरतो. आषाढात आभाळ भरून आलं की साडेपाचलाच खुराड्याच्या दाराशी गर्दी होते. एप्रिलमध्ये सात वाजले तरी एखादी शेणाच्या खाईशी उकरत असते. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही आणि हे तिला स्वतःलाच चांगलं ठाऊक असतं, म्हणून हाकलायला जावं लागत नाही. फार तर मूठभर तांदूळ आत टाकायचे आणि बाजूला व्हायचं.

खरी गंमत आत गेल्यावर. खुराड्यात दोन आडवे दांडे आहेत, एक खाली, एक वर. वरचा दांडा मानाचा. तिथे तांबडी म्हातारी कोंबडी आधी चढते, तीही अगदी भिंतीकडच्या टोकाला. मग तिच्या लाडक्या दोघी. चौथी चढायला गेली की डोक्यावर एक टोच, की ती खाली. हा टोचाटोचीचा क्रम 1921 साली नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी आपल्या प्रबंधात मांडला. कोंबड्यांचं निरीक्षण त्यांनी लहानपणापासून केलेलं होतं. आमच्या वाडीत एकत्र कुटुंबात नांदलेल्या कुठल्याही बाईला हा शोध वाटला नसता, हा भाग वेगळा. पाच-दहा मिनिटं धुसफूस चालते, मग पंख मिटतात, पाय पोटाच्या पिसांत जातात आणि घशातल्या घशात एक बारीक गुरगुर सुरू होते. ती गुरगुर ऐकू आली की समजावं, आजचं भांडण मिटलं. दांडा गोल आणि बारीक नको. दोन इंच रुंद, कडा तासलेला बरा. एकीला वीतभर जागा पुरते, जागा जास्त ठेवली तरी त्या चिकटूनच बसतात.

खुराडं आमचं जांभ्याच्या चिऱ्यांचं, पडवीला लागून. जुन्या माणसांनी चिरे जमिनीत हातभर खाली नेले होते. ते घुशीसाठी, हे मला फार उशिरा कळलं. घूस भिंत फोडत नाही, खालून येते. हल्ली नवीन खुराडी चिकन जाळीची बांधतात. त्या जाळीचं नाव फसवं आहे. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवेलच असं नाही. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, ती पातळ तार ओढून वाकवतो, किंवा भोकातून पंजा घालून जाळीला टेकून झोपलेली कोंबडी पकडतो. म्हणून वेल्ड केलेली, अर्ध्या इंचाच्या चौकटीची जाळी घ्यावी. महाग पडते, पण एकदाच. कडीसुद्धा नुसती अडकवून चालत नाही, तिच्यात खिळा किंवा खुंटी हवीच. मुंगसाचं भय दिवसाचं, तो रात्री आपल्या बिळात असतो. रात्रपाळीला रानमांजर, कांडेचोर, घूस आणि अंडी-पिल्लांसाठी येणारा नाग. जुन्नरकडे उसात बिबटे. तिथली माणसं काय काय झाकत असतील कोण जाणे.

एवढ्या शत्रूंची नावं ऐकली की शहरातून आलेला माणूस सगळ्या फटी बुजवायला निघतो. तिथेच घात होतो. कोंबडीची विष्ठा ओली राहिली की तिचा अमोनिया होतो, तो वर चढतो, आणि वरच्या दांड्यावर कोण बसलंय हे सांगितलंच. कोकणातल्या पावसाळ्यात तर चार महिने काहीच सुकत नाही. छपराखाली, त्यांच्या डोक्याच्या वर, जाळी लावलेली मोकळी पट्टी हवी. वारं वरून जावं, अंगावरून नको. खाली भाताचं तूस घालायचं, ते आठवड्याला हलवायचं, ओलं झालं की माडाच्या बुंध्यात टाकायचं. सकाळी दार उघडल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर त्यांनी रात्र कशी काढली असेल ते वेगळं विचारायला नको. दांड्याच्या टोकांच्या खाचाही बघाव्यात. कोंबडीची गोचीड दिवसा तिथे दडते आणि रात्री निघून रक्त पिते. खाचेत चुना भरायचा, आणि अंगणाच्या कोपऱ्यात चुलीची राख ओतून ठेवायची. राखेत लोळण्याचं काम त्या मन लावून करतात.

दिव्याचं मात्र कोणी ऐकत नाही. 'अंधारात बिचाऱ्या घाबरत असतील' म्हणून आमच्या वाडीत एकाने खुराड्यात रात्रभर बल्ब लावला. कोंबड्या रात्री बारालाही भांडू लागल्या, कारण दिसायला लागलं की आपलं स्थान दाखवून द्यावंच लागतं. अंधारात मात्र त्या कोणालाही काहीही करू देतात. म्हणून त्यांची सगळी कामं रात्री. नवी कोंबडी कळपात घालायची तर रात्री दांड्यावर हळूच ठेवून द्यायची. सकाळी थोडी टोचाटोची होते, पण भर दिवसा घातल्यावर होते तेवढी नाही. लसही रात्रीच. मानमोडीला पशुवैद्यकीय कागदांवर राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या डोंगरातल्या त्या नावाच्या थंड हवेच्या गावावरून. लसीच्या एका बाटलीत शंभरावर कोंबड्यांचे डोस असतात आणि एकदा कालवली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते. मग अर्धी वाडी बॅटऱ्या घेऊन एका खुराड्यातून दुसऱ्या खुराड्यात फिरते. एक जण कोंबडी काढतो, एक धरतो, एक टोचतो. ज्यांचं कुंपणावरून बोलणं बंद आहे तेही त्या रात्री एकमेकांच्या कोंबड्या धरतात.

आणि मग असते ती तलंग. प्रत्येक कळपात एक निघतेच. आमची काळी, अजून अंडी घालायला न लागलेली, खुराडं डावलून अंगणातल्या आंब्यावर चढते. चढते म्हणजे आधी दोणीवर, मग पडवीच्या पत्र्यावर, तिथून खालच्या फांदीवर. तिला बोल लावता येत नाही. कोंबडीचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा, आणि तो झाडावरच झोपतो. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही तसाच. गावठी कोंबड्यांच्या पायांचा पिवळेपणा या राखी रानकोंबड्याच्या घराण्यातून आला, असं 2008 साली संशोधकांनी जनुकं तपासून सांगितलं. आमच्या काळीचे पाय हळदीसारखे पिवळे आहेत. आंब्याचं वेड त्याच आजोळाकडून आलं असावं, असं माझं मत. त्याला शास्त्राचा आधार नाही. पूर्ण काळोख पडला की शिडी लावायची, पंखांवरून दोन्ही हात घट्ट धरायचे आणि खाली आणायची. ती एकदा 'कॉक' म्हणते आणि गप्प होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आंब्यावर.

कोंबड्याची रात्र सगळ्यात लहान. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण सगळ्यांना पाठ असते. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कोंबडे जणू खरोखरच झाकून बघितले. सतत अंधुक उजेडात ठेवलेले कोंबडेही आतल्या घड्याळाने बांग देत राहिले. हे 2013 साली छापून आलं. पुढे दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की पहिली बांग मुख्य कोंबड्याची, बाकीचे हुद्द्याप्रमाणे मागून. आमच्याकडे दोन कोंबडे आहेत. धाकटा पहाटे चारपासून जागा असतो, दांड्यावर पाय बदलत असतो, पण थोरल्याचं होईपर्यंत गळा साफ करण्यापलीकडे जात नाही. थोरला आजारी होता त्या आठवड्यात वाडीला उठायला उशीर झाला, असं शेजारची काकी सांगते. ती सगळंच थोडं वाढवून सांगते.

मुलगा पुण्यात नोकरीला. दिवाळीला आला तेव्हा त्याने माझी संध्याकाळची धावपळ बघितली आणि मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. उजेड कमी झाला की आपोआप खाली येणारं दार, सकाळी आपोआप वर जाणारं. "आई, आता तू कुठेही जा, रात्री ये." दार खरंच छान होतं. मुंबईला बहिणीकडे दोन दिवस राहता येईल, नाटकाला जाता येईल, असं काय काय मनात येऊन गेलं. किंमतही विचारली. मग मी त्याला अंगणात नेलं, बॅटरी वर मारून फांदीवरचे ते पिवळे पाय दाखवले आणि म्हटलं, "दार घेऊ. पण आधी विचार त्यांना, शिडी पण देतात का."