विमानाच्या नाकातली चपटी ताटली

हवामान रडारचा अँटेना किती मोठा असावा, हे गणितापेक्षा विमानाचं नाकच ठरवतं. हे रडार साधारण 9.3 ते 9.4 गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे तरंगलांबी 3.2 सेंटिमीटर. 70 ला तरंगलांबीने गुणून व्यासाने भागलं की झोताची रुंदी अंशांत मिळते. 76 सेंटिमीटरच्या ताटलीला सुमारे 3 अंश, 30 सेंटिमीटरच्या ताटलीला साडेसात. 100 किलोमीटरवर पहिला झोत 5 किलोमीटर रुंद होतो, दुसरा 13. छोट्या अँटेनावर दोन ढगांमधली फट बुजून एकच डाग दिसतो, तो यामुळे. पॉवर वाढवून ही फट उघडत नाही!

जुन्या पॅराबोलाच्या, म्हणजे खोलगट ताटलीच्या, कडेवरून ऊर्जा सांडायची. आता वेव्हगाइडच्या, म्हणजे रडारच्या लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ धातूच्या, नळ्या शेजारी-शेजारी बसवून त्यांच्या रुंद बाजूला लहरी बाहेर पडायला फटी कापतात. नेहमीच्या 22.86 मिलिमीटर रुंद नळीत या फटी सुमारे 22 मिलिमीटर अंतरावर येतात, मधल्या रेषेच्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सगळ्या एका बाजूला कापल्या तर शेजारच्या फटी उलट फेजमध्ये जातात, म्हणजे त्यांच्या लहरी एकमेकींना खोडतात, आणि समोरचा झोतच मरतो. कडेच्या फटींना मुद्दाम कमी ऊर्जा देतात. झोत थोडा रुंदावतो, पण साइडलोब, म्हणजे बाजूला जाणारे छोटे झोत, दबतात. नाहीतर खालची जमीन पडद्यावर पाऊस म्हणून उमटते.

आणि रेडोम, म्हणजे अँटेनावरचं नाकाचं कवच. त्याच्या हनीकोंबमध्ये, म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारख्या गाभ्यात, पाणी शिरलं किंवा रंगाचे थरावर थर चढले, तर उत्तम अँटेनाही आंधळा होतो. धातूचे कण असलेला रंग तर तिथे चालतच नाही.