मुंबई ते न्यूयॉर्क, सहा तासात?

मावशीला मुलीकडं अमेरिकेला जायचंय, तिकीट आलंय व्हॉट्सॲपवर, आणि ती म्हणते, "रात्री दोनला सुटून सकाळी आठला पोचतंय की रे, सिद्धेश्वर एक्सप्रेसला तर सोलापूर-मुंबईलाच रात्र जाते!" तर तसं नसतंय ओ. तिकिटावर दोन्हीकडचा टाइम तिथला-तिथला असतो, उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं, थंडीत साडेदहा. म्हणजे त्या सहात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा तास.

अंतर सुमारे 12,550 किमी, पण हे सगळ्यात जवळच्या रस्त्याचं. भिंतीवरचा नकाशा बघून वाटतं विमान सरळ पश्चिमेला अरबस्तानावरनं जाणार, पण पोरांचा पृथ्वीचा गोल घ्या, मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा, तो वर सरकत पार नॉर्वेच्या बाजूनं जातो. प्रत्यक्षात विमान अगदी त्याच रेषेवर नसतं, वारा बघायचा, कुठलं आकाश बंद आहे ते बघायचं, मग वळसा आलाच.

आणि येताना वेळ कमी लागतो बरं का. वर दहा-बारा किमीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचं वारं वाहतं, जेट स्ट्रीम म्हणतात, जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर.

यापेक्षा लांब पण आहे, सिंगापूर-न्यूयॉर्क, 15,300 किमीच्या वर, अठरा तासांपेक्षा जास्त, मधे कुठं थांबणं नाही. मावशीला हे सांगितलं तर तिचा प्रश्न, "मग शेंगाचटणी हातातल्या बॅगेत ठेवू का खालच्या?"

खालच्या.