एर्थेसिनाच्या नोंदी: बारा अंडी, नऊ पिल्लं

आधी कबुली देते. हॅलिस हा झाडाच्या सालीवर बसणारा शिल्ड बग, म्हणजे ढालीच्या आकाराचा किडा. वर्षभर 'हॅलिस' नावाच्या फोल्डरमध्ये साठवलेल्या 34 फोटोंपैकी 11 फोटो हॅलिसचे नव्हतेच. ते निघाले एर्थेसिना फुलो या दुसऱ्याच शिल्ड बगचे. दोघंही बुंध्यावर बसतात, दोघांचं डोकं लांबट, आणि मी दरवेळी वरून, घाईत फोटो काढत होते.

आता फरक डोळ्यांत बसलाय. हॅलिस म्हणजे सालीचाच निघालेला तुकडा, करडा-तपकिरी. एर्थेसिना काळपट, आणि अंगभर हळद उडाल्यासारखे बारीक पिवळे ठिपके. डोक्याच्या टोकापासून एक नाजूक पिवळी रेघ मधोमध मागे उतरते. पोटाच्या कडेला काळे-पिवळे चौकोन आलटून पालटून. मिशांचे खंड पाच, त्यातल्या शेवटच्याच्या बुडाशी फिकट पट्टा. शंका आली की मी आधी तो पट्टा बघते. एकदा काच लावलेल्या डबीत ठेवून खालूनही पाहिला: सोंड पायांच्या मधून थेट पोटापर्यंत गेलेली. ही सोंड बघितल्याशिवाय शिल्ड बग बघितला असं म्हणू नये, असं माझं मत झालंय.

(डबीतून सोडताना हातात धरला. बोटांवर पिवळट डाग आणि कोथिंबीर चुरडल्यासारखा उग्र वास, संध्याकाळपर्यंत. पिल्लांच्या वासग्रंथी पाठीवर असतात, मोठ्यांच्या छातीखाली, पायांच्या मुळाजवळ. मी नेमकं तिथेच धरलं होतं.)

खरी मजा मात्र अंड्यांनी आणली. एका पानाच्या मागे बारा अंडी, एकमेकांना खेटून, मोत्यांसारखी. रोज सकाळी भिंगातून बघायचे. पाचव्या दिवशी नऊ अंड्यांत दोन-दोन लालसर ठिपके दिसायला लागले, आणि त्यांच्या मधे एक काळं टोक. ठिपके म्हणजे पिल्लाचे डोळे, आणि काळं टोक म्हणजे आतून झाकण उचकटायचं हत्यार. उरलेली तीन नुसतीच काळवंडत गेली. मला वाटलं, कुजली.

नऊ पिल्लं एकाच सकाळी बाहेर आली. त्यांच्या अंड्यांची झाकणं डब्यासारखी नीट गोल उघडलेली. त्या तीन काळ्या अंड्यांना पुढे कुरतडलेली, वेडीवाकडी भोकं पडली आणि त्यातून मुंगीहूनही बारीक गांधीलमाशा निघाल्या! म्हणजे माझ्या आधीच कुणीतरी तिथे येऊन, अंड्यात आपलं अंडं घालून गेलं होतं. रिकामी अंडी सापडली तर फेकू नका, भोकाची कड बघा.

पिल्लं पहिले काही दिवस टरफलांभोवती गोल करून बसली. हलेनात, तेव्हा मी उगाच काळजीत पडले. शिल्ड बगच्या बऱ्याच जातींत आई अंड्यांवर उपयोगी जिवाणूंचा लेप लावून ठेवते आणि पिल्लं तो चोखून घेतात, त्यामुळे हे बसणं बिनकामाचं नसतं. पहिली कात टाकल्यावर मात्र पांगली. मग मागोवा घेणं अवघड. चौथ्या अवस्थेतली (म्हणजे तीनदा कात टाकलेली) दोनच सापडली, राखाडी अंगावर नारिंगी ठिपके, खांद्यांमागे पंखांची इवली पाकिटं फुटलेली.

जाता जाता एक गंमत: आपल्याकडचा हा अस्सल रहिवासी न्यूझीलंडमध्ये मात्र आगंतुक आहे, तिथे तो 2017 मध्ये पहिल्यांदा सापडला.

आज सकाळची नोंद: बुंध्यावर डोळ्यांच्या उंचीला पाचव्या अवस्थेची कात, पाठीवर उभी चिरलेली, पाय अजून सालीत रुतलेले. तिच्या वर वीतभर अंतरावर एक नवा कोरा एर्थेसिना, अजून फिकट, मऊ. ठिपके उमटलेले नव्हते. मी दुपारी परत गेले तेव्हा रंग पक्का झाला होता, आणि शोधायला मला पाच मिनिटं लागली.